कोण थांबणार? नागपूरचे ऊन, घरातला गारवा आणि विजेची वेळ

३० मे २०२४ रोजी नागपूर देशभर गाजले. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तापमान ५६ अंश नोंदले गेल्याची बातमी पसरली आणि 'संत्रानगरी नव्हे, भट्टीनगरी' छापाचे विनोद मोबाइलवर फिरू लागले. यंत्रात दोष होता, आकडा चुकीचा होता, असे हवामान खात्याने लगेच स्पष्ट केले. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. तोही काही कमी नाही.

त्याच ३० मे रोजी आणखी एका आकड्याची नोंद झाली. तो खरा होता, पण त्याच्यावर कोणी विनोद केले नाहीत. देशाची विजेची मागणी सुमारे २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोचली. तोवर ती इतकी कधीच गेली नव्हती. उन्हाचा खोटा आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि उन्हामुळे वाढलेल्या मागणीचा खरा आकडा विसरला गेला. हा लेख त्या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे.

मी इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जुनी गॅझेटिअरे, वीज नियामक आयोगाचे आदेश आणि महाल-इतवारीतल्या जुन्या घरांच्या भिंती हीच माझी शाळा. या शाळेत पहिला धडा मिळाला तो असा, की विजेच्या बाबतीत 'किती' या प्रश्नाइतकाच 'केव्हा' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. धान्य कोठारात ठेवता येते, पाणी धरणात अडवता येते. तारेतून वाहणारी वीज मात्र ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खर्च व्हावी लागते. सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबले, तर त्या एका तासासाठी अख्खे वीजकेंद्र उभारून ठेवावे लागते. म्हणून आज इमारतींच्या बाबतीत जगभर एकच खटपट चालली आहे. खोली थंड करणे, पाणी तापवणे, गाडी चार्ज करणे आणि बॅटरी भरणे ही चार कामे एकमेकांना विचारून, वेळ वाटून घेऊन कशी करायची?

हा प्रश्न संगणकाच्या युगातला आणि परदेशातला आहे, असे वरवर वाटते. मला तो नागपूरच्या इतिहासात ठिकठिकाणी भेटला. प्रत्येक वेळी त्याच्या तळाशी एकच सवाल होता : सगळ्यांना एकाच वेळी गारवा हवा असेल, तर थांबायचे कोणी?

भिंत थांबत होती

विदर्भातले जुने धाब्याचे घर पाहा. दीड-दोन फूट जाडीच्या विटामातीच्या भिंती, वर लाकडी सरांवर मातीचा थर, खिडक्या लहान. अशा भिंतीतून दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनची उष्णता मध्यरात्रीनंतर आत येते, आणि तोवर घरातली माणसे अंगणात नाही तर गच्चीवर बाजा टाकून झोपलेली असतात. पहाटे भिंत पुन्हा थंड होते आणि तो गारवा दुसऱ्या दिवशीच्या दुपारी उपयोगी पडतो. आजच्या भाषेत ही भिंत म्हणजे बॅटरीच. रात्री गारवा भरून घ्यायचा, दुपारी तो वापरायचा.

अंगणातला सडा, दाराशी रांजण, खिडकीला वाळ्याची ताटी हा या व्यवस्थेचा दुसरा भाग. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते, की ४४ अंशांच्या वाऱ्याला ओल्या वाळ्यातून आत घेतले तर तो तिशीच्या आसपास उतरू शकतो. हे गणित कोणी मांडले नव्हते. पण ताटी केव्हा भिजवायची, खिडकी केव्हा लावायची, झोपायची जागा केव्हा बदलायची, याचे घरातल्या बायकांना पक्के ज्ञान होते. घराचा ताळमेळ त्या घड्याळाशिवाय सांभाळत होत्या.

या आठवणीत रमून जाण्यात मात्र धोका आहे. तो गारवा फुकट नव्हता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले उभे राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत उन्हाळ्यात तीन गोष्टी असत : दोरीने ओढायचा पंखा, वाळ्याच्या ताट्या आणि ऐपत असेल तर थर्मँटिडोट नावाचे एक धूड. लाकडी पेटी, तिच्या बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या, आत मोठा पंखा आणि तो फिरवायला बाहेर दांडा. आपल्या कूलरचा हा पणजोबा. फरक इतकाच, की मोटारीच्या जागी माणूस होता. पंखा ओढणारा रात्रभर जागायचा आणि ताटीवर पाणी मारणारा भिस्ती दुपारभर उन्हात असायचा. आतल्या गारव्यासाठी बाहेर कोणीतरी तापत होते.

सरकारला तर त्याहून सोपा उपाय होता. उन्हाळा आला की मध्य प्रांताचा कारभार पचमढीच्या डोंगरावर जाई. मागणी दुसऱ्या वेळेवर ढकलता येत नसेल, तर आपणच दुसऱ्या ठिकाणी जावे, हा तो न्याय. आजही महाराष्ट्राचे विधिमंडळ नागपूरला येते ते हिवाळी अधिवेशनासाठी. नागपूर कराराला स्मरून येते हे खरे, पण महिना निवडताना कोणाला फार विचार करावा लागला नसेल.

सुतासाठी गारवा

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. मुंबईत गिरणी काढण्याची रीत असताना त्यांनी कापसाच्या प्रदेशाजवळ, कोळशाच्या आणि रेल्वेच्या सोयीची जागा निवडली. सगळे सोयीचे होते. अडचण एकच होती, ती इथल्या हवेची. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते आणि तुटते. म्हणून जमशेदजींनी गिरणीत हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवली. आग विझवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्थाही केली. दोन्ही गोष्टी हिंदुस्थानात पहिल्यांदा झाल्याचे टाटांच्या इतिहासात नोंदले आहे.

नागपुरात एका मोठ्या इमारतीची आतली हवा यंत्राने ताब्यात ठेवण्याचा प्रयत्न झाला, त्याचे हे सर्वांत जुने उदाहरण मला माहीत आहे. पण तो प्रयत्न माणसासाठी नव्हता, सुतासाठी होता. याच गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देऊ केली, हेही लिहायला हवे. त्या काळाच्या मानाने मालक उदार होता. तरीही खात्यातल्या हवेचे प्रमाण धाग्याच्या गरजेवरून ठरे. इमारत हुशार झाली, म्हणजे ती आतल्या माणसाची काळजी घेईलच, असे नाही. ती कोणाच्या बाजूने हुशार झाली, हे बघावे लागते.

त्या गिरणीच्या जागेवर आज वातानुकूलित मॉल उभा आहे.

कोराडीची चिमणी

वीज आली आणि घराचा स्वभाव बदलला. पंख्याने पंखा ओढणाऱ्याची सुटका केली, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर भिंतीलाही रजा मिळाली. सिमेंटचा चार-पाच इंची स्लॅब तीन-चार तासांतच उष्णता आत सोडतो. दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी सहाला खोलीत आणि मध्यरात्रीपर्यंत तिथेच. मे महिन्यात रात्री अकराला वरच्या मजल्यावरच्या घरात छताला हात लावून पाहावा, म्हणजे समजते. सूर्य गेलेला असतो, पण त्याची उधारी चुकती व्हायची असते. ती उधारी फेडण्यासाठी आपण रात्री एसी लावतो.

ती वीज नागपूरला लांबून आणावी लागत नाही. कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. २०१५ ते २०१७ या काळात तिथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आले. शेजारी खापरखेडा, पलीकडे चंद्रपूर. १९९९ पासून चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची एकदिश वाहिनी वीज पश्चिमेकडे नेते. वीज तारेतून जाते, राख मात्र इथेच राहते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला. मुंबई-पुण्याच्या किंवा आपल्याच धरमपेठच्या घरात संध्याकाळी सात वाजता एकदम जे बटण दाबले जाते, त्याचा शेवट या गावांत होतो. सर्वोच्च मागणीचा तास छोटा असतो. पण तो भागवण्यासाठी जास्तीचा एक संच उभा राहतो आणि त्या संचाची राख वर्षभर पडते.

पाण्याचेही तेच. नागपूरच्या नळाला पेंचचे पाणी येते, आणि वीजकेंद्रांनाही पेंचचाच आधार. म्हणूनच शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीला देण्याची, दिवसाला १३ कोटी लिटरची योजना झाली. कूलरची टाकी आणि केंद्राचा थंडावा एकाच नदीवर अवलंबून असल्यावर दुसरे काय करणार?

इन्व्हर्टरची वर्षे

२००५ ते २०१२ हा काळ महाराष्ट्रात भारनियमनाचा होता. ते म्हणजे जबरदस्तीचा ताळमेळ. मागणी जास्त आणि वीज कमी, तेव्हा कोण थांबणार याचे वेळापत्रकच वर्तमानपत्रात छापून येई. वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणात फीडरचे गट पाडले होते. ज्या भागात बिले भरली जातात तिथे अंधार कमी, जिथे थकबाकी तिथे जास्त. हिशेबाला हे बरोबर होते. पण एका फीडरवर बिल भरणारा आणि न भरणारा शेजारी शेजारी राहत. प्रामाणिक माणसाचा पंखाही त्याच वेळी बंद पडे.

जून २००६ मध्ये पुण्याने वेगळी वाट काढली. तिथल्या उद्योगांनी आपले जनित्र टंचाईच्या वेळी चालवायचे आणि तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायची. जनित्राचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून थोडा आकार घेऊन भागवायचा. याला 'पुणे मॉडेल' म्हणत. मला ते महत्त्वाचे वाटते, कारण विखुरलेली यंत्रे ठरलेल्या वेळी एकमेकांसाठी चालवली, तर नवे केंद्र न उभारताही शहर उजळते, हे त्यातून मराठी माणसाला डोळ्यांनी दिसले. पैसे मोजू शकणाऱ्या शहराने अंधार टाळला आणि वीज पिकवणारा विदर्भ वेळापत्रक वाचत बसला, हेही त्याच वेळी दिसले.

त्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर आले. आज 'घरगुती बॅटरी साठवण' म्हणून जे नवे सांगितले जाते, ते आपल्या दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात, वर फुलदाणी ठेवून, तेव्हापासूनच होते. पण त्या बॅटऱ्या एकलकोंड्या होत्या. वीज आली रे आली की गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एकदम भरायला लागत, सगळे पंप एकदम सुरू होत, सगळे फ्रिज एकदम धावत. नुकतीच परतलेली वीज या ओझ्याने पुन्हा जाई. रोहित्र उडे. बॅटरी होती, पण ताळमेळ नव्हता. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणा झाला, की वाहिनी कशी कोसळते, याचा धडा आपण तेव्हाच घेतला आहे. फक्त त्याची नोंद कोणी इतिहास म्हणून केली नाही.

कूलर आणि एसी

नागपूरचा उन्हाळा आजही कूलरवर निघतो. टिनाच्या पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाण्याची छोटी मोटर. दीड टनाचा एसी भर दुपारी साधारण दीड हजार वॅट ओढतो, तर कूलर दोनशेच्या आसपास. म्हणजे एका एसीच्या विजेत सात कूलर. हातावर पोट असलेल्या माणसाला परवडते ते हेच यंत्र. ज्याच्याकडे तेही नाही तो किरायाने आणतो.

पण कूलरला दोन मर्यादा आहेत. पहिली हवेची. जूनच्या मध्यात पाऊस आला, हवा दमट झाली, की वाळा ओला असून उपयोग नसतो. तिथून पुढचे उकाड्याचे दिवस एसीवाल्यांचे. दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येतेच. लोखंडी पेटी, पाणी, जुनी वायर आणि घरात नीट अर्थिंग नाही. स्वस्त गारव्याची ही किंमत गरीबच मोजतो. इमारतींच्या ऊर्जेबद्दल बोलणाऱ्यांनी स्मार्ट उपकरणांच्या आधी अर्थिंगबद्दल बोलावे, असे माझे मत आहे.

एसीबद्दल एक गंमत सांगतो. 'दीड टन' म्हणजे एसीचे वजन नव्हे. अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून विकण्याचा धंदा होता. १८३३ मध्ये तो बर्फ जहाजाने कलकत्त्यापर्यंत आला होता. पुढे यंत्रे आली, तेव्हा त्यांची ताकद बर्फाच्या मापातच मोजली गेली. एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढे एक टनाचे काम. शब्दात इतिहास अडकून राहिला आहे, आणि त्यातच उपायही आहे. गारवा साठवता येतो. मोठ्या इमारतींत वीज स्वस्त असताना पाणी गार करून किंवा बर्फ करून टाकीत ठेवतात आणि मागणीच्या तासाला तो गारवा खोल्यांत सोडतात. मातीच्या भिंतीचे काम आता टाकी करते.

थंडीतही हेच. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पूर्वी आंघोळीच्या पाण्याला बंब होता, आता दोन हजार वॅटचा गिझर आहे आणि सगळ्यांचा तो सकाळी सहा ते आठमध्येच लागतो. खरे तर गरम पाणी ही सर्वांत स्वस्त साठवण. ब्रिटनने १९७८ मध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आणला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त. लोक त्या तासांत खोलीतल्या हीटरच्या विटा तापवून ठेवत आणि दिवसभर ऊब घेत. वीट पुन्हा कामाला आली.

गाड्यांची रांग

२६ मे २०१७ रोजी, ऐन नवतपात, नागपुरात ओला आणि महिंद्र यांच्या पुढाकाराने सुमारे दोनशे विजेवरच्या वाहनांचा प्रकल्प सुरू झाला. टॅक्सी, रिक्षा, बस अशा निरनिराळ्या वाहनांचा एकत्र असा देशातला हा पहिलाच प्रयोग. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइलच्या नागपुरातल्या पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र आले, तेही देशात पहिले.

पहिला मान मिळाला आणि पहिल्या अडचणीही नागपूरलाच भोगाव्या लागल्या. २०१८ च्या सुरुवातीच्या बातम्या वाचल्या तर चित्र स्पष्ट दिसते. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगा, फेऱ्या बुडालेले चालक, गाडी परत करून डिझेलची गाडी मागणारे चालक. एका ठिकाणी रस्त्यावर गर्दी होते म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि केंद्र बंद करावे लागले.

या प्रयोगाला फसलेला म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्यात जुनाच सवाल दिसतो. गाडी भरायला वेळ लागतो, तो वेळ कोणाचा? घरच्या गाडीचा मालक रात्री झोपतो आणि गाडी थांबते. टॅक्सीचालकाची गाडी थांबली की चालकही थांबतो, आणि थांबलेल्या चालकाला मजुरी नाही. यंत्राच्या सोयीसाठी माणूस उन्हात उभा राहिला. पंखा ओढणारा पुन्हा बंगल्याबाहेर बसला.

सोसायटीचा हिशेब

आता हा प्रश्न आपल्या पार्किंगमध्ये आला आहे. एक काल्पनिक सोसायटी धरू. चाळीस फ्लॅट, प्रत्येकी एक दीड किलोवॅटचा एसी, आणि वीस जणांकडे विजेवरची कार. सगळे सात-आठ वाजता घरी येतात, एसी लावतात, गाडीची वायर खोचतात. एसीचे ६० किलोवॅट आणि ३.३ किलोवॅटच्या वीस चार्जरचे ६६, असे १२६ किलोवॅट एकदम. रोहित्र बदला, असा सल्ला लगेच येईल.

पण गाडीला खरोखर किती लागते? रोजचे चाळीस किलोमीटर धरले, तर साधारण सहा युनिट, म्हणजे दोन तास. वीस गाड्यांचे मिळून चाळीस तास. रात्री बारा ते सहा या सहा तासांत ते वाटून दिले, तर एका वेळी सातच चार्जर चालू राहतात. ६६ किलोवॅटचे २३ झाले, आणि तेही एसीचा जोर ओसरल्यावर. सकाळी सगळ्या गाड्या भरलेल्या. कोणाचे काही गेले नाही. फक्त गाड्यांनी आपापसांत पाळी लावली.

पुढच्या पायऱ्या याच तत्त्वावर आहेत. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांचा जोर दुपारी बाराच्या सुमारास, उन्हाचा कडाका तीन-चारला आणि घरातली खरी मागणी रात्री. ही तीन घड्याळे जुळवण्यासाठी बॅटरी लागते. पण बॅटरी महाग आहे, तेव्हा आधी स्वस्त साठवणी वापराव्यात : दुपारीच गिझर तापवणे, दुपारीच खोली दोन अंश जास्त गार करून ठेवणे, दुपारीच पाण्याची टाकी भरणे. कार्यालयात गाडी उभी असताना तिथल्या छतावरच्या उन्हावर ती भरणे. नागपूर मेट्रोने आपल्या विजेपैकी ६५ टक्के सौर असावी, असे उद्दिष्ट ठेवले, ते अशाच हिशेबाने. आणि गाडीची बॅटरी गरजेला घराला वीज परत देऊ शकते, ही कल्पना अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी १९९७ पासून मांडली आहे.

नियमही हळूहळू याच दिशेने आले. डिसेंबर २०१८ च्या इको-निवास संहितेने घराच्या भिंती, खिडक्या, छत यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा घातली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमांत पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची तरतूद आली. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होतो तो २४ अंशांवर. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांत वीज स्वस्त आणि मागणीच्या तासांत महाग करण्याचे तत्त्व आणले. जुलै २०२५ पासून महावितरणची, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेसाठी युनिटमागे ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलतही सुरू झाली. म्हणजे विजेला आता वेळेप्रमाणे भाव आला.

इथे सावध राहायला हवे. वेळेप्रमाणे भाव ही चांगली गोष्ट आहे, पण वेळ बदलणे प्रत्येकाच्या हातात नसते. ज्याच्याकडे बॅटरी, गिझर आणि कार आहे तो आपला वापर हवा तसा सरकवेल आणि बिल कमी करील. एका खोलीत राहणाऱ्या माणसाकडे रात्री सरकवण्यासारखे काय आहे? एक पंखा आणि एक कूलर. ते तो थांबवू शकत नाही. रात्रीची वीज महाग करताना हा माणूस विसरला, तर भारनियमनाचे वेळापत्रक नव्या रूपात परत येईल. फरक इतकाच, की ते वर्तमानपत्रात छापून येणार नाही. प्रत्येकाच्या बिलात गुपचूप येईल.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि २०१६ पासून नागपूरनेही केला. त्यात दवाखाने, पाणपोया, सूचना हे सगळे आहे. त्याच्याशेजारी विजेचा आराखडा ठेवून वाचला पाहिजे, कारण उष्माघाताची रात्र आणि विजेच्या मागणीची रात्र एकच असते.

दीडशे वर्षांचा हा पट पाहून माझ्या हाती एक साधा नियम लागला. भिंत थांबू शकते, पाणी थांबू शकते, बॅटरी, गिझर, गाडी थांबू शकतात. पंखा ओढणारा, खात्यातला कामगार, रांगेतला चालक आणि तापाने फणफणलेले मूल यांना थांबायला लावू नये. ताळमेळ घालणारे यंत्र कितीही हुशार असले, तरी थांबण्याचा क्रम त्याला आपणच सांगायचा असतो. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत चार्जरचा विषय निघेल, तेव्हा कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर तासभर चर्चा होईल. त्याआधी पाच मिनिटे काढून हा क्रम इतिवृत्तात लिहून ठेवावा : आधी गाड्या थांबतील, मग गिझर, मग एसी दोन अंशांनी वर जाईल. लिफ्ट, पाण्याचा पंप, चौकीदाराच्या खोलीतला पंखा आणि आजारी माणसाच्या घरातली वीज मात्र शेवटपर्यंत चालू राहील.